पायांना अजून खेळायचंय

आमच्या घरात रात्री पाय चेपून घ्यायची रीत तीन पिढ्यांची आहे. आजीचे पाय आई आणि मामा चेपायचे, आईचे मी आणि भाऊ. माझी लेक सात वर्षांची असताना तिचे पाय चेपायची वेळ माझ्यावर आली. त्या आधी आणि नंतर आम्ही ज्यातून गेलो ते लिहितेय. ज्यांच्या घरात अशीच रीत आहे आणि लहान मुलंही आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आजाराचं नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. विलिस-एकबॉम आजार असंही म्हणतात. इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी १६७२ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचा नीट अभ्यास मांडला. दुखणं म्हणावं तर ते दुखत नाही. संध्याकाळी बसलं किंवा रात्री आडवं झालं की पोटरीच्या आत, अगदी हाडाजवळ, काहीतरी सरसरायला लागतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. हलवला की बरं वाटतं, थांबला की पुन्हा सुरू. उठून चाललं की जातं, म्हणून माणूस चालत राहतो. पहाटे चारच्या सुमाराला शरीर आपणहून निवतं, डोळा लागतो, आणि सहाला गजर होतो. हे रोज, वर्षानुवर्षं.

आजी निफाडकडची. द्राक्षाची बाग, खटल्याचं घर. रात्री सगळे झोपले की ती पडवीत येरझारा घालायची. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पोटऱ्यांना करकचून बांधायची. तिळाचं तेल झालं, निरगुडीचा पाला झाला, वैद्यांनी वात सांगितला, गावातल्या कोणी बाहेरचं आहे म्हणूनही सांगितलं. नाशिकला आली की काळारामाच्या देवळात कीर्तनाला जायची, पण बसायची नाही, मागे खांबाला टेकून उभी. आम्हाला वाटायचं देवासमोर बसायचं नाही असा काही नेम असेल तिचा. आईचं निराळं. ती रात्री अकरानंतर इस्त्री करायची, ओटा घासायची, डबे पुसायची. नातेवाईक कौतुक करायचे, ही बाई पाठ म्हणून टेकत नाही. तिला पाठ टेकता येत नव्हती हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही, कारण तिने आपल्या आईला तसंच पाहिलं होतं.

मला त्रास कॉलेजात असल्यापासून आहे. अंबडच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते, मार्च महिन्यात संध्याकाळी खुर्चीवर बसणं नको व्हायचं. कालिदास कलामंदिरात नाटकाला गेले तर कडेचीच खुर्ची घ्यायचे, म्हणजे दुसऱ्या अंकात उठून मागे उभं राहता येतं. पण हा आजार आहे हे कळलं ते लेक पोटात असताना. सातव्या महिन्यात मी रात्रभर गॅलरीत फिरायला लागले. जिथे नाव घातलं होतं तिथे सांगितलं, तर कॅल्शियम लिहून दिलं, आणि मळमळ व झोप दोन्हीसाठी म्हणून डॉक्सिलामाइनची गोळी. त्या गोळीने पाय असे काही खवळले की मी भिंतीला लाथा मारत रडले होते. पुढे समजलं की गुंगी आणणारी अ‍ॅलर्जीविरोधी औषधं हा त्रास वाढवतात, आणि डॉक्सिलामाइन त्यातलंच. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये असणारं क्लोरफेनिरामिनही तसंच. उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रमाइडही वाईट, कारण ते मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतं, आणि या आजारात ते आधीच अडखळत असतं.

गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास पुष्कळ बायकांना होतो आणि बाळंत झाल्यावर बहुतेकींचा जातो. माझा गेला नाही. बाळ रात्री झोपायला लागलं तरी मी जागीच. तेव्हा नवऱ्याने हट्टाने मला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. मी म्हणत होते, पायाला काय होतंय आणि मेंदूवाल्याकडे कशाला.

डॉक्टरांनी प्रश्न विचारले. पाय हलवायची अनिवार इच्छा होते का? स्वस्थ बसल्यावर वाढते का? हालचालीने कमी होते का? संध्याकाळी-रात्री जास्त असते का? पेटके, सूज, शिरा फुगणं, नसांचं दुखणं असं दुसरं कारण नाही ना? निदान एवढ्यावर होतं. यंत्र लागत नाही, स्कॅन लागत नाही. मग म्हणाले, घरात कोणाला? मी आजी, आई, मामा अशी नावं सांगायला लागले आणि मधेच थांबले. मांडीवर तीन महिन्यांची मुलगी होती.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.१. मी सुटकेचा श्वास टाकला, कारण आमच्या घरात बाईचं हिमोग्लोबिन बारा म्हणजे उत्तम. डॉक्टरांनी बोट ठेवलं फेरिटिनवर. १३ होतं. प्रयोगशाळेच्या अहवालात त्या आकड्यापुढे खूणही नव्हती, कारण बायकांसाठी त्यांची खालची मर्यादाच तेवढी कमी असते. फेरिटिन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या लोहाचा अंदाज. हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही साठा रिता असू शकतो. या आजारात तो ७५ च्या वर असावा असं बघतात. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. ज्यांना हा आजार आहे त्यांच्या मेंदूत लोह कमी असल्याचं एमआरआयच्या आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासण्यांतून दिसलेलं आहे, कधी कधी रक्तात पुरेसं असतानासुद्धा. संध्याकाळनंतर डोपामिनचं काम आणखी मंदावतं, म्हणून रात्रीची वेळ वाईट.

गोळ्यांनी माझं फेरिटिन हलेना, म्हणून शिरेतून लोह दिलं. काही आठवड्यांनी एका रात्री मी आडवी झाले आणि उजाडलं. बायका-बायकांत आपण गुडघे, पाठ, पित्त यांवर तासन्‌तास बोलतो. फेरिटिनबद्दल मला त्या दिवसापर्यंत कोणीही बोललेलं नव्हतं.

माझं बरंच मार्गी लागलं, आणि मग लेकीची काळजी मोकळी सुटली. तान्ही मुलं झोपेत पाय झाडतात, सगळीच झाडतात. मला ते दिसायचं नाही. मला आजी दिसायची. रात्री उठून मी तिच्या पांघरुणाकडे बघत बसायची. मोठ्यांमध्ये या आजारात झोपेत पाय ठरावीक अंतराने झटके देतात, साधारण वीस ते चाळीस सेकंदांनी. मोबाइलवर सेकंद मोजत मी तिच्या पायांशी बसलेली असायची. नवऱ्याने एकदा मोबाइल हातातून काढून घेतला आणि म्हणाला, “अगं, ती झोपलीय. तू झोप.”

तिला मी काही विचारत मात्र नव्हते. पाय कसेतरी होतात का, हा प्रश्न माझ्या तोंडातून कधी बाहेर पडला नाही. विचारलं तर ते खरं होईल अशी भीती होती. ते एक बरं झालं, पुढे त्याचा उपयोग झाला.

दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की मी गप्प व्हायची. सासूबाईंना वाटे नोकरीमुळे. एक दिवस मी त्यांना खरं सांगून टाकलं. म्हटलं, आई, माझ्याकडून हिला आलं असेल तर? आणखी एकाला कशाला द्यायचं? त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांकडे साखर आहे, माझ्या माहेरी साखर आहे. तुझ्या नवऱ्याला आम्ही ती दोन्हीकडून दिलीय. म्हणून काय त्याला जन्माला घालायला नको होतं?” आणि मग जरा वेळाने, “पण तुला विचारायचंय ना कोणाला, तर विचारून ये. मनात ठेवून कुढू नकोस. मी बघते हिच्याकडे.”

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात जनुकीय समुपदेशकांची वेळ घेतली. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस. सकाळी माझे पाय शहाण्यासारखे वागतात, खिडकीशी बसून कसारा घाट उतरला तरी काही नाही. परतीची गाडी संध्याकाळची, त्यामुळे येताना कल्याण सोडलं की मी दाराशी उभी. हा आजार असलेल्या माणसाला प्रवास ठरवताना आधी घड्याळ बघावं लागतं.

समुपदेशक बाईंनी मोठा कागद काढला आणि वंशवृक्ष काढायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आत काळं. आजी काळी. तिची बहीण? मी तिथूनच मावशीआजीच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, “हो ना, रात्री फिरायच्या, आम्ही त्यांना गस्तवाल्या म्हणायचो.” काळा. आई काळी, मोठा मामा काळा, धाकट्या मामाचं प्रश्नचिन्ह, मी काळी, माझा भाऊ कोरा. नवऱ्याच्या बाजूला कोणी माहीत नाही. लेकीचा गोल त्यांनी तूर्त रिकामा ठेवला. त्या कागदाकडे बघून माझ्या पोटात खड्डा पडला. एका चिमटीत आमचं सगळं घर.

मग त्यांनी समजावलं ते मला लागलं तेवढं लिहिते. हा आजार असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या घरात आणखी कोणाला तरी असतो. आमच्यासारख्या घरांत, जिथे तो तरुणपणीच सुरू होतो, तिथे तो एकेका पिढीतून सरळ खाली उतरल्यासारखा दिसतो, दर दोन मुलांत एकाला असा. पण त्यामागे एक बिघडलेलं जनुक सापडलेलं नाही. २००७ मध्ये मीस-वन आणि बीटीबीडी-नाइन या जनुकांशी पहिल्या काही जागा हाती लागल्या. २०२४ पर्यंत जनुकसंचातल्या १६४ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा लहान. त्यातल्या कित्येक जागा ज्यांना आयुष्यात कधी त्रास झाला नाही अशांच्यातही असतात. म्हणून लाळेची नळी पाठवून जी तपासणी घरबसल्या करून मिळते, तिच्यावर पैसे घालवू नका, ती तुमच्या मुलीबद्दल हो किंवा नाही सांगू शकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सख्ख्या नातेवाइकांना धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त, इतकंच.

मी आकडा मागत राहिले. त्यांनी दिला नाही. त्याऐवजी पेन्सिल माझ्या आजीच्या गोलावर टेकवून विचारलं, “हिला मुलं किती?” सात झाली, पाच जगली. “जेवायची कधी?” सगळ्यांचं झाल्यावर, उरलं ते. “आई?” तशीच, आणि जेवण झाल्या झाल्या चहा, म्हणजे जेवणातलं लोह नीट अंगी लागायचं नाही. पाळीत रक्तस्राव खूप, गर्भाशय काढेपर्यंत. “आणि तुम्ही?” मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, “जनुकं आईकडून येतात ते खरं. पण तुमच्याकडे रिकामा साठाही आईकडून मुलीकडे आलेला दिसतोय. पहिल्याचं मी काही करू शकत नाही. दुसऱ्याचं तुम्ही नाशिकला बसून करू शकता.”

घाट चढताना मी दाराशी उभी राहून त्यावरच विचार करत होते. मनात मी नेहमी एकच गोष्ट धरली होती, की माझ्या रक्तात काहीतरी आहे आणि ते तिला जाणार. रक्तात काय नाही, हे कधी पाहिलंच नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय होता. साठा रिता असूनही हिमोग्लोबिन अजून घसरलेलं नाही, अशा माझ्यासारख्या तर यात धरलेल्याच नाहीत. ज्या घरात हा आजार उतरतो त्या घरात अशी उणीव म्हणजे त्याला दार उघडं. आजीचे पाय रात्री फिरायचे त्यात तिच्या ताटाचाही हात होता, असं मला आता वाटतं. त्याचा मला फार राग आला, आणि तो अजून आहे.

आणि मग लेकीनेच बोलून दाखवलं. थंडीचे दिवस होते. गोष्ट वाचून झाली, दिवा मालवला, ती पांघरुणात पाय घासायला लागली. उठली, खोलीत दोन फेऱ्या मारून आली, परत आडवी झाली. म्हणाली, “आई, मला झोप आलीय पण पायांना अजून खेळायचंय.” मी तिचे पाय मांडीवर घेतले आणि चेपत राहिले. ती झोपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. नवरा आला, काही बोलला नाही, त्याने चहाचं आधण ठेवलं आणि मग स्वतःच उतरवलं. जेवणाला तासही झाला नव्हता, आणि माझ्या चहाच्या वेळा त्याला पाठ झाल्या होत्या.

आधी मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. वाढीचे पाय आहेत, उंची वाढतेय, म्हणाले. शाळेतून वेगळीच चिठ्ठी आली होती: एका जागी बसत नाही, शेवटच्या तासाला फारच चुळबुळ, एकदा लक्ष-चंचलतेची चाचणी करून घ्या. झोप कमी पडलेलं मोठं माणूस पेंगतं, मूल पेंगत नाही, ते जास्तच नाचतं. शिवाय हा आजार आणि अतिचंचलता पुष्कळदा एकाच मुलात सापडतात, त्यामुळे एकाचं नाव दुसऱ्याला लागतं. बाईंची तक्रार खरी होती, त्यांना मी दोष देत नाही. त्या बिचाऱ्या जे दिसलं ते लिहीत होत्या.

झोपविकार बघणाऱ्या डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बसवलं नाही, पण बोलूही दिलं नाही. मुलांमध्ये निदान करताना मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणं महत्त्वाचं असतं, आईबापांनी आधीच शब्द पुरवले की ते वाया जातं. त्यांनी तिला विचारलं, झोपताना कसं वाटतं. तिने तेच सांगितलं. खेळायचंय. मग बसच्या मागच्या बाकावर कसं वाटतं, सुट्टीत धावलं की जातं का, सकाळी असतं का. दुखतं का, असंही त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “दुखत नाही, पण थांबवता येत नाही.” वाढीचे पाय दुखतात, पण असे हलायला लावत नाहीत. मी कधी काही विचारलं नव्हतं याचं त्यांना फार बरं वाटलं. झोपेच्या चाचणीबद्दल मी विचारलं. त्या म्हणाल्या की मुलांमध्ये निदान अडलं तर रात्रभराची चाचणी करतात, त्यात पायांचे झटके तासाला पाचाहून जास्त दिसले तर त्याने पुष्टी मिळते. आमच्या बाबतीत मुलीचं बोलणं आणि वंशवृक्ष एवढं पुरेसं होतं. मुंबईचा तो कागद मी नेला होता. त्यांनी पेन उघडून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी लेकीचा गोल भरला.

मला वाटलं होतं तो क्षण आला की मी कोसळेन. तसं झालं नाही. सात वर्षं ज्याची वाट बघत भीत होते ते समोर आलं, आणि त्यापुढे लगेच काम होतं.

रक्त तपासायचं ते मूल ठणठणीत असताना, हे कोणीतरी आधी सांगायला हवं. ताप, सर्दी, कुठलाही संसर्ग असला की फेरिटिन खोटं वर जातं. आम्ही खोकला जाईपर्यंत थांबलो. सकाळी उपाशीपोटी नमुना दिला. फेरिटिन १६. हिमोग्लोबिन इथेही ठीकच होतं. या आजाराच्या मुलांमध्ये ५० च्या वर न्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लोहाचं औषध सुरू केलं. प्रमाण त्यांनी वजनावरून ठरवलं. ते मी लिहीत नाही, आणि कोणी आपल्या मनाने देऊही नये. लोह जास्त झालं तर मुलांना ते विषासारखं बाधतं, आणि मूल थॅलेसीमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहक असेल तर रक्ताचं चित्र दिसायला तसंच दिसतं पण उपाय तो नसतो.

घरातलं वेळापत्रक मात्र आम्हीच बदललं. झोपताना दूध प्यायची सवय होती, ते संध्याकाळी पाचला आणलं, कारण दुधासोबत लोह अंगी लागत नाही. औषध सकाळी उपाशीपोटी, वर संत्र्याच्या दोन फोडी नाहीतर आवळ्याचा रस. दात काळे पडू नयेत म्हणून नळीने, आणि नंतर चूळ. शी काळी होते, घाबरू नका, पोट जड होतं त्यासाठी पाणी आणि पपई. सासूबाईंनी माळ्यावरून लोखंडी कढई आणि तवा काढले. हळिवाचे लाडू सुरू झाले, बाजरीची भाकरी आठवड्यातून दोनदाऐवजी जवळजवळ रोज. डॉक्टरांनी बजावलं होतं की रिता साठा नुसत्या लाडवांनी भरत नाही, औषध लागतंच, लाडू तो टिकवायला. हे सासूबाईंना पटवायला वेळ लागला. बाकी सगळ्यात त्या माझ्यापुढे होत्या.

तीन महिन्यांनी ३४, आणखी काही महिन्यांनी ५८. फरक पहिल्या तपासणीच्या सुमारालाच दिसायला लागला होता. आधी तिचं उठून फेऱ्या मारणं थांबलं. मग एक दिवस शाळेतल्या बाईंनी आपणहून सांगितलं की शेवटच्या तासाला आता बरं आहे. आम्ही त्यांना आजार समजावून सांगितला होता आणि विनंती केली होती की तिला मधून फळा पुसायला, वह्या गोळा करायला उठवा. त्यांनी ते मनापासून केलं. अधूनमधून अजूनही रात्री पायांना खेळायचं असतं. सहलीहून आल्यावर, जागरण झालं की. मग आम्ही दोघी कोमट पाण्यात पाय बुडवून बसतो, आणि मी तिला चेपून देते. औषध फक्त लोहाचं, मेंदूवरचं दुसरं काही तिला सुरू केलेलं नाही.

याच काळात आईची गोष्ट वळणावर आली. तिला फार वर्षांपूर्वी एका ठिकाणी प्रॅमिपेक्सोल सुरू केलं होतं. डोपामिनसारखं काम करणारी ती गोळी. पहिल्या रात्री आई झोपली आणि सकाळी देवाला नारळ फोडला. मग दर वर्षा-दीड वर्षाने गोळी वाढत गेली. नंतर नंतर त्रास दुपारी चारलाच सुरू व्हायचा, मग हातांतही आला. आम्हाला वाटलं आजार वाढतोय. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की या गटातली औषधं फार काळ घेतली की तीच उलटतात आणि त्रास लवकर, जास्त, आणि शरीराच्या नव्या भागात व्हायला लागतो. अमेरिकेतल्या झोपवैद्यकाच्या संस्थेने २०२५ मध्ये छापलेल्या मार्गदर्शनात या गोळ्या नेहमीसाठी पहिल्या म्हणून वापरू नयेत असं म्हटलंय, आणि लोह तसंच गाबापेंटिन, प्रीगॅबालिन या वेगळ्या गटातल्या औषधांना पुढे आणलंय. आईची गोळी हळूहळू उतरवली. एकदम थांबवायची नसते. ते आठवडे फार कठीण गेले. वयाच्या सत्तरीत ती रात्रभर सोसायटीच्या गच्चीत चालायची, आणि मामा निफाडहून मुक्कामाला येऊन तिच्याबरोबर चालायचा. त्यालाही झोप नव्हतीच. आता ती प्रीगॅबालिनवर आणि शिरेतून दिलेल्या लोहावर सहा तास झोपते.

माझ्या लेकीला पुढे कधी औषध लागलं, तर ते देणाऱ्या डॉक्टरांना हे सगळं कळावं म्हणून मी तिच्या फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आजाराचं नाव. आजीला प्रॅमिपेक्सोल उलटलं. सर्दीच्या गुंगीच्या गोळ्या नकोत, मेटोक्लोप्रमाइड नको, नैराश्यावरच्या काही औषधांनी त्रास वाढतो तेव्हा आधी विचारा. फेरिटिन वर्षातून एकदा, पाळी सुरू झाल्यावर पुन्हा, गरोदरपणाचा विचार असेल तर त्याच्या आधी. तिला वाचता येतं, तिने ते पान वाचलं. विचारलं, “पणजीला कोणी औषध दिलं नाही?” मी म्हटलं, कोणाला माहीतच नव्हतं गं. ती म्हणाली, “मग ती काय करायची?” फिरायची, म्हटलं. आम्ही तुझे पाय चेपतो तसे घरातले तिचे चेपायचे.

दुसऱ्या मुलाचं आम्ही हो ठरवलंय. त्याला किंवा तिला हे येईलही. लेकीला आलंय आणि ती हसतेखेळतेय, शाळेत जातेय, आणि सात वर्षांची असताना तिला ते मिळालं जे माझ्या आईला साठीनंतर मिळालं. मला आता भीती वाटते ती गरोदरपणातल्या माझ्या रात्रींची, आणि त्यासाठी तयारी करता येते. शिरेतून लोह पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, म्हणून साठा आधीच भरून ठेवायचा. माझं फेरिटिन सध्या ९६ आहे. वाईट रात्रींसाठी ठेवलेलं प्रीगॅबालिन डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केलंय, कारण पोटात बाळ असताना ते टाळतात. या वेळी नाव दुसरीकडे घालायचं ठरवलंय, आणि त्या डॉक्टरांना मी आधीच भेटून आलेय. वंशवृक्षाचा कागद त्यांच्यासमोर पसरला, डॉक्सिलामाइन आणि मेटोक्लोप्रमाइड मला चालत नाही हे सांगितलं, आणि मळमळ झाली तर त्याऐवजी काय देता येईल ते त्यांच्याकडून लिहून घेतलं.